दारातल्या चपला

त्या रविवारी ताराचंदनं चपला उचलून आत नेल्या आणि तिथून सगळं बिघडलं. नसत्या नेल्या तर काय झालं असतं, हे आता कोण सांगणार? कदाचित तेच झालं असतं, जरा उशिरानं. पण गावात अजूनही विषय निघाला की लोक त्याच्या तोंडावर एवढंच मारतात, "लपवल्या ना तुमी?" लपवल्या होत्या, हे तर खरंच आहे.

चपला होत्या चारपाच बायांच्या. रविवारी सकाळची कामं आटोपली की या बाया ताराचंदच्या घरी जमायच्या. माजघरात चटई टाकून बसायच्या, येशूची दोन गाणी म्हणायच्या, डोळे मिटून प्रार्थना करायच्या, चहा प्यायच्या आणि आपापल्या घरी जायच्या. एवढंच. यापेक्षा जास्त गोंधळ तर भिशीच्या बाया करतात. त्या चटईवर ताराचंदची बायको रुखमिणी बसायची. ताराचंद नाही बसायचा. तो दाराशी उंबरठ्याला टेकून बसायचा, आणि कोणी विचारलं तर म्हणायचा, "मी आपला माताचा मानूस हावो जी. मले त्यातलं काही समजत नाही."

ते खरंच होतं. भंडाऱ्याजवळच्या शहापूरवरून आत वळलं की तलावाच्या पाळीला लागून हे गाव. पाळीवर मोहाच्या झाडाखाली मातामाय. शेंदूर फासलेला दगड, पुढं मातीचे दोनचार घोडे, बस. लग्नाला नऊदहा वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता, तेव्हा ताराचंद याच दगडापुढं नवस बोलला होता. मग राखी झाली आणि तिच्यामागून गोलू. गोलू झाला तेव्हा ताराचंद घरापासून पाळीपर्यंत दंडवत घालत गेला होता. गुडघे सोलले, कोपरं सोलली, आणि गडी हसत होता. त्या दिवसापासून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जाताना माताकडे मान लववल्याशिवाय त्याचं पाऊल पुढं पडलं नाही.

बाकी माणूस म्हणाल तर ताराचंद म्हणजे 'हव जी', सगळ्यांच्या हो ला हो. सरपंच आला, हव जी. सोसायटीचा सेक्रेटरी आला, हव जी. दोघं भांडत आले तरी दोघांनाही हव जी. त्यामुळे त्याचं कोणाशी वाकडं नव्हतं, आणि त्यामुळेच कोणी त्याला फारसं मोजतही नव्हतं. धानाच्या दोन बांध्या, एक बैलजोडी विकून घेतलेला जुना पंप, आणि मुलगा वरठीला कारखान्यात कंत्राटावर. आपलं बरं चाललं होतं.

गोलू मोटारसायकलनं जायचा यायचा. एका संध्याकाळी हायवेवर ट्रकनं मागून धडक दिली. पुढचं सांगत नाही. सांगून काय होणार आहे? राखी लग्न होऊन पवनीकडे दिलेली, ती आली, तेरा दिवस राहिली आणि गेली. घरात दोघं उरली.

रुखमिणी रडायची तेव्हा बरं होतं. मग तिचं रडणं थांबलं आणि झोप गेली. बाई रात्र रात्र खाटेवर बसून राहायची. उजाडलं की उठून झाडायला लागायची. भाजी करायची, बांधीवर जायची, निंदण काढायची, पण डोळ्याला डोळा नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या, बाहेरचं झालं, माताला कोंबडा झाला. ताराचंदनं काही शिल्लक ठेवलं नाही. तिचे डोळे खोल गेले, बोलणं मंद झालं. माणूस समोर बसलेलं असूनही घरात नसल्यासारखं वाटायचं.

ताराचंदलाही झोप नव्हती. पण ते त्याला कोणी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

शहापूरला चंद्रकला नावाची बाई शिलाई करते. रुखमिणी तिच्याकडे पोलकं शिवायला टाकून बसली होती. चंद्रकलाच्या घरी त्या दिवशी प्रार्थना होती. "बसा जरा, मंग घेऊन जा," म्हणून तिनं हिला भिंतीशी बसवलं. बाया गाणं म्हणत होत्या. रुखमिणी बसल्या बसल्या कलंडली ती पार दुपारपर्यंत झोपली. घोरत झोपली. कोणी उठवलं नाही. अंगावर कोणीतरी लुगडं टाकलं. जाग आल्यावर तिला क्षणभर कळेना की आपण कुठं आहोत, आणि कळलं तेव्हा म्हणे ती खूप लाजली.

घरी येऊन तिनं ताराचंदला एवढंच सांगितलं, "आज झोप लागली." ताराचंदनं पुढच्या रविवारी स्वतःच सायकलवर मागं बसवून तिला शहापूरला सोडलं.

असं ते सुरू झालं. तिनं नाव बदललं नाही, कुंकू पुसलं नाही, कोणाला धर्म सांगायला गेली नाही. देव्हारा आवरून ताराचंदच्या हवाली केला आणि म्हणाली, "हे तुमी करा. माह्यानं आता दोन्हीकडं लक्ष लागत नाही." पुढं गावातल्याच तीनचार बाया तिच्यासोबत जायला लागल्या. एकीचा नवरा मारायचा, एकीचं पोट दुखायचं, एकीला नुसती सोबत पाहिजे होती. एवढ्या जणींनी शहापूरला जाण्यापेक्षा चंद्रकलानंच इकडं यावं, असं ठरलं. रविवारी ताराचंदच्या दारात चपला दिसायला लागल्या.

गावातल्या मंडळाच्या पोरांना चपला दिसल्या. मंडळाचा म्होरक्या चंद्रकुमार. गणपती तोच बसवणार, मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ तोच ठरवणार, रक्तदान तोच घेणार. वाईट पोरगा म्हणता येत नाही. गोलूचा तो मित्र होता, त्याच्या तिरडीला खांदा दिलेला. पण हल्ली त्याच्या मोबाइलवर रोज काहीतरी यायचं, की अमुक गावात अख्खी वस्ती बाटवली, तमुक गावात पैसे वाटले. हा ते वाचायचा, दहा जणांना पाठवायचा, आणि मग चौकात बसून ताराचंदच्या दाराकडे बघायचा. "काका, आज गर्दी वाढली म्हनते तुमच्याकडं," तो हसत हसत टोकायचा. "आज नवीन चप्पल दिसली. कोनाची हाय?"

ताराचंद घाबरला. आता शहाण्या माणसानं काय करावं? सरळ सांगावं, अमकीची आहे, ये, चहा घे. पण ज्याला जन्मभर कोणाला नाराज करायचं नाही, त्याचं डोकं असं चालत नाही. त्यानं विचार केला, चपला दिसल्याच नाहीत तर बोलणार कशाला? म्हणून त्या रविवारी बाया बसल्यावर त्यानं सगळ्या चपला गोळा केल्या आणि धान साठवायच्या ढोल्यामागं ठेवून दिल्या. वर पोतं झाकलं. दारही लोटून घेतलं. आ बैल मुझे मार, म्हणतात ते हेच.

चौकातल्या पोरांना दार लोटलेलं दिसलं आणि आतून गाणं ऐकू आलं. दारात चप्पल एकही नाही. चंद्रकुमार चार पोरं घेऊन आत शिरला, मोबाइल वर धरून. बाया उठून उभ्या राहिल्या. पोरांनी घर पाहिलं, ढोल्यामागचं पोतं उचललं आणि चपला सापडल्या.

"लपवता काहून, काका?" चंद्रकुमारनं विचारलं. "भजन असतं तर लपवलं असतं का?"

ताराचंदच्या तोंडून नेहमीचंच निघालं, "हव जी." ते मोबाइलमध्ये जसंच्या तसं भरलं गेलं. गावागावांत फिरलं. घरमालकानं गुन्हा कबूल केला, असं त्याखाली लिहिलेलं होतं.

दोन दिवसांनी ठाण्यातून बोलावणं आलं. लालूच दाखवून धर्म बदलवतात, अशी तक्रार होती. ठाण्यातले साहेब काही राक्षस नव्हते. त्यांच्यासमोर आधीच भाऊबंदकीची दोन भांडणं उभी होती, आणि साहेबांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की ही नसती ब्याद आज कशाला आली. त्यांनी चंद्रकलाला आधी दोन तास बसवून ठेवलं आणि दम देऊन परत पाठवलं. पुन्हा त्या गावात दिसायचं नाही, म्हणून. मग रुखमिणीकडे वळले.

"काय दिलं तुम्हाला? पैसे? धान्य? पोराला नोकरी लावतो म्हणाले?"

"पोरगा नाही जी," रुखमिणी म्हणाली.

साहेबांनी पेन हातात घेतलं. "मग काय मिळालं? फुकट तर कोणी जात नाही."

"झोप," रुखमिणी म्हणाली.

"काय?"

"झोप मिळाली जी. पोरगा गेल्यापासून नव्हती. तिथं लागते. म्हनून जातो आमी."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग ताराचंदकडे पाहिलं. पेन टेबलावर ठेवलं. त्यांच्या डोळ्यांखाली पण काळं होतं. ते म्हणाले, "बाई, हे मी काय लिहू?" आणि मग ताराचंदला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "गावातच मिटवून टाका. माझ्याकडे कायदा आहे, पण माणसं रोज तुमच्यासोबत राहणार आहेत. वरून फोन येतात हो."

गावातच मिटवा. हे सांगणं किती सोपं असतं. ज्यानं पेटवलं त्याच्याच हातात पाण्याची बादली द्यायची.

बैठक समाजमंदिरात झाली. बायांना बोलावलं नव्हतं. ताराचंद मधोमध सतरंजीवर बसला. बोलणारे पुष्कळ होते, पण सगळ्यांचं म्हणणं एकच होतं. आठवड्यावर बी कालवायचा दिवस आला होता. त्या गावात ही फार जुनी रीत. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायच्या आधी प्रत्येक घरची मालकीण पळसाच्या पानांच्या दोन्यात, द्रोणात, आपल्या घरचं बियाणं घेऊन माताच्या पाळीवर जाते. पुजारी सगळ्यांचं बी एका घोंगडीवर ओतून कालवतो आणि ज्याचा त्याचा दोना पुन्हा भरून देतो. ते बी आपापल्या वाफ्यात पहिल्यांदा पडतं. म्हणजे गावच्या प्रत्येक बांधीत थोडं थोडं सगळ्या गावाचं धान असतं. गेल्या साली रुखमिणी गेली नव्हती. गोलूचं सुतक संपलं नाही असं समजून कोणी काही म्हटलं नाही.

"यंदा काकू दोना घेऊन येतीन," चंद्रकुमार म्हणाला, "माताच्या पायावर डोकं टेकवतीन, सगळ्या गावापुढं. रविवार बंद. विषय संपला. आमचं काही वैर हाय का?"

"नाही आली तर?" कोणीतरी विचारलं.

"नाही आली तर त्या घरचं बी घोंगडीवर नाही. अन् ज्याचं बी नाही, त्याच्या रोवणीले गावची बाई नाही."

रोपं उपटून बांधीत लावायला, रोवणीला, बाया नाही मिळाल्या तर पऱ्हे वाफ्यातच पिकून जातात. ताराचंदला ते कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सगळे त्याच्याकडे पाहत होते. यातल्या अर्ध्या लोकांच्या बांधीत तो राबला होता, अर्ध्यांच्या लग्नात वाढायला होता. कोणी कोणी तर डोळ्यांनी विनवत होतं, की म्हण बाबा हव, आणि मोकळं कर आम्हाला. गाव करी ते राव न करी. तो तर रावही नव्हता.

"हव जी," ताराचंद म्हणाला. माताची आण घेऊन म्हणाला.

म्हणून तर बसला, पण घरी जायला पाय उचलेनात. तो तलावाच्या पाळीनं चालत राहिला आणि हिरालालच्या घरापाशी येऊन थांबला. हिरालाल रेल्वेतून रिटायर झालेला. बौद्ध मोहल्ल्यातलं पहिलं घर त्याचं. दोघं शाळेत एका वर्गात होते, आणि शाळेनंतर आयुष्यभर एकमेकांची टिंगल करत आले होते. हिरालालनं खाट सरकवली.

"वहिनी येशूकडं गेली म्हनते," तो म्हणाला. "कायले गा इतक्या लांब? आमचं विहार काय वाईट होतं? चालत येता आलं असतं."

एरवी ताराचंद हसला असता. आज त्यानं सगळं सांगितलं आणि विचारलं, "तुमच्याकडून माताले धान येत नाही. तुमाले कोनी काही मनत नाही. कसं जमवलं गा तुमी?"

"जमवलं?" हिरालालनं तंबाखू मळता मळता त्याच्याकडे पाहिलं. "माह्या आज्याकडं माताच्या जागेची झाडलोट होती. छप्पन सालानंतर आमच्या लोकायनं ते सोडलं. धान देनं सोडलं, घरचे देव याच तलावात सोडले. तर गावानं तलावाचं पानी बंद केलं. मजुरी बंद. दुकानातलं मीठ बंद. आई सांगे, वरठीच्या टेसनापर्यंत पायी जाऊन ओझी वाह्यली तिनं. पोटात मी होतो."

"मंग मिटलं कसं?"

"मिटलं कोठी? ते थकले. आमच्याहून पयले थकले, एवढंच."

ताराचंदनं मान वर केली. समोर विहाराच्या खांबावर झेंडा लोंबत होता, वारा नव्हता. "कायद्यात तर हाय ना हे?" त्यानं विचारलं. "ज्याचा त्याचा देव ज्यानं त्यानं धरावा असं?"

"हाय ना. बाबासाहेबानं लिहून ठेवलं हाय. पन कायदा वरठीपर्यंत रेल्वेनं येते. तिथून गावात त्याले पायी या लागते." हिरालालनं तंबाखू तोंडात टाकली. "तू हव म्हनून आला, ते वहिनीले इचारलं होतं का?"

ताराचंदनं मान हलवली. नव्हतं विचारलं.

"मी आताच थकलो गा, हिरालाल," तो म्हणाला. "दोन वर्सं झाली, मी थकलेलाच हावो."

हिरालालनं चहा आणायला आत आवाज दिला.

घरी रुखमिणी बी निवडत बसली होती. सुपात पोचट दाणे एका बाजूला काढत होती. ताराचंदनं उभ्या उभ्या सांगून टाकलं. बोलणं संपल्यावर तिनं सूप खाली ठेवलं. ती चिडेल, रडेल, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं होतं.

"तुमी आन घेतली," ती म्हणाली. "डोकं माह्यं, आन तुमची."

"काय करू मंग? रोवणी..."

"समजते मले रोवणी." तिनं पुन्हा सूप उचललं. "धान नेईन मी. धान गावचं हाय, मीही गावची हावो. माताशी माह्यं काही भांडन नाही, तिनंच दिली होती पोरं. पन डोकं नाही टेकवनार. तिथं आता माह्यं मन नाही. मन नसताना टेकवलं तर ते मातालेही खोटं अन् इकडंही खोटं. दोन्ही देवायले कायले फसवू?"

ताराचंदला वाटलं, हिला समजावून सांगावं की सगळं गाव अर्धं खोटंच डोकं टेकवतं. पण ती दाणे निवडत होती, आणि तो दमला होता. तो बाहेर जाऊन बसला.

बी कालवायच्या दिवशी पाळीवर सगळं गाव होतं. म्हातारा कैलाश पुजारी घोंगडी पसरून बसला होता. बाया रांगेनं येत, डोकं टेकवत, दोना ओतत. नंतर घरातला पुरुष टेकवायचा. रुखमिणीची पाळी आली. तिनं चांगलं निवडलेलं, सोन्यासारखं बी आणलं होतं. तिनं दोना कैलाशच्या हातात दिला आणि उभी राहिली.

"टेक माय," कैलाश म्हणाला.

"धान घ्या बुवा. डोकं राहू द्या."

कैलाशनं दोना घोंगडीवर उलटायला हात नेला होता, तो तसाच थांबला. म्हाताऱ्याला ओतायचं होतं, हे ताराचंदला दिसत होतं. "धान धानच असते," असं काहीतरी तो पुटपुटलाही. पण त्याची नजर चंद्रकुमारकडे गेली, आणि चंद्रकुमारनं मान हलवली. कैलाशनं दोना जमिनीवर ठेवून दिला.

"घेऊन जा माय," तो म्हणाला. वर पाहिलंच नाही त्यानं.

रुखमिणीनं दोना उचलला आणि ती बाजूला झाली. आता आपली पाळी, असं समजून ताराचंद चपला काढून पुढं आला. त्याचा हात छातीशी जुळलाही होता. चंद्रकुमार आडवा झाला.

"तुमी कोठी, काका?"

"टेकतो ना मी. मी तर टेकतो."

"घर एक, मान एक. त्या घरचं बी नाही, तर त्या घरचं डोकंही नाही. आन मोडली तुमी."

ताराचंदला ते नीट कळेचना. तो मूर्खासारखा एकदा दगडाकडे, एकदा चंद्रकुमारकडे पाहत राहिला. अरे, याच मातासाठी तर भांडताय ना तुम्ही? आणि तिच्या पायाशी आलेल्या माणसाला परत पाठवता? पण हे त्याला सुचलं नाही. त्याला एवढंच आठवलं की गोलू झाला तेव्हा आपण दंडवत घालत आलो होतो, ती हीच जागा. त्यानं पायात चपला घातल्या, एक उलटी घातली, पुन्हा नीट घातली, आणि बायकोच्या मागून घरी निघून गेला.

त्यांनी आपलंच बी टाकलं. पऱ्हे बरे उगवले, तिथं कोणाचा बहिष्कार चालत नाही. रोवणीला मात्र गावची बाई आली नाही. ज्या बाया प्रार्थनेला यायच्या, त्या वाटेत दिसल्या की पदर पुढं ओढून निघून जायच्या. त्यांनाही घरं होती. राखी पवनीवरून आली, हिरालालच्या मोहल्ल्यातल्या दोघी त्यांच्या बांध्या आटपून उरल्या वेळात आल्या, आणि बाकी सगळं या दोघांनी रोवलं. पुरुषमाणूस कधी रोवणीत वाकत नाही, चिखल करून देतो आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहतो. ताराचंद वाकला. धुऱ्यावरून जाणारे हसले. त्याच्या ओळी वाकड्या यायच्या, रुखमिणी मागून सरळ करायची. संध्याकाळी दोघांनाही कंबर सरळ करता यायची नाही.

रविवारी ती एकटीच चटई टाकायची. हळू आवाजात एक गाणं म्हणायची. चंद्रकला नाही, कोणी नाही. पहिल्या रविवारी ताराचंदनं तिच्या चपला दाराच्या आत पाहिल्या. पोरं घरात शिरली तेव्हापासून ती आतच काढत असावी. त्यानं त्या उचलून बाहेर ठेवल्या, पायरीच्या मधोमध. दार सताड उघडलं आणि उंबरठ्याला टेकून बसला. चौकातून कोणी पाहिलं, तर पाहिलं. आता काय लपवायचं राहिलं होतं?

पण एक गोष्ट त्याला खात होती. बांधीत जाताना पाळीवरून जावं लागायचं, आणि मातापाशी आलं की तो मान खाली घालून भराभर निघून जायचा, एखाद्या परक्याच्या दारावरून जावं तसा. रुखमिणी मागून पाहायची. तिनं कितीतरी दिवस पाहिलं.

रोवणी संपली. एका दुपारी, जेवून गाव जरा आडवं झालेलं असताना, रुखमिणीनं पळसाच्या पानांचा दोना लावला. उरलेलं बी त्यात भरलं, त्यावर हळदकुंकू टाकलं.

"चला," ती म्हणाली.

"कोठी?"

"माताकडं. तुमचं राह्यलं तिथं."

"अन् कोनी पाह्यलं मंग?"

"पाह्यलं तर पाह्यलं. मी हावो ना."

पाळीवर ऊन होतं. मोहाखाली कोणी नव्हतं. ताराचंदनं चपला काढल्या, इकडं तिकडं पाहिलं आणि पायानंच त्या झुडपाआड सारल्या. रुखमिणीनं वाकून त्या बाहेर काढल्या. झटकल्या. पाळीच्या वाटेवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा जोडीनं मांडल्या आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. स्वतः पुढं गेली नाही.

"करा तुमचं सावकाश," ती म्हणाली.

ताराचंद गेला. दोना दगडापुढं ठेवला, गुडघे टेकले, मग डोकं टेकलं. आणि ते वर येईचना. तिला त्याची पाठ हलताना दिसली. गोलू गेल्यापासून हा माणूस कोणापुढं रडला नव्हता. तिच्यापुढंही नाही. ती तोंड फिरवून तलावाकडे पाहत राहिली, कारण ते त्याचं होतं.

शहापूरच्या रस्त्यानं मोटारसायकल आली. पाळीवर चढली आणि चपला पाहून थांबली. चंद्रकुमार होता. त्यानं चपलांकडे पाहिलं, रुखमिणीकडे पाहिलं, मग मोहाखाली पाहिलं.

"कोन हाय तिथं?" त्यानं विचारलं आणि एक पाय खाली टेकवला.

रुखमिणी वाटेच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"माह्या घरचा मानूस देवाले आला हाय," ती म्हणाली. "त्याचं होऊ दे. तोवर तू इथंच थांब, बाबू."

चंद्रकुमार काहीतरी बोलणार होता. त्याचा हात खिशातल्या मोबाइलकडे गेला आणि परत आला. गाडी सुरूच होती. मोहाखाली ताराचंदनं अजून डोकं उचललं नव्हतं, आणि रुखमिणी चपलांपाशी उभी होती.